खडूची न्हाणी

आमच्या गिरगावच्या दोन खोल्यांत मोरी स्वयंपाकघरातच होती, जुन्या साडीच्या पडद्याआड. बाबांचे एक स्नेही इंटीरियर डिझायनर होते. प्रदर्शनं बघायला ते परदेशी जात, आणि परतले की बोलत फक्त तिथल्या न्हाणीघरांबद्दल. लाजावं की हसावं, मला ठरवता येत नसे.

एकदा खाली संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला असताना त्यांनी मोरीभोवती खडूने चौकोन आखला.

"आत जा. दार लावलंस?"

मी मान हलवली. लगेच ते पाठ फिरवून उभे राहिले.

"दार कशाला? घरचीच तर माणसं," बाबा म्हणाले.

"तिला विचार."

ही थट्टा होती का, कळेना.  बाहेर येताना मात्र मी हवेतली कडी काढली.