डावं मडगार्ड बोटभर उंचच राहणार

गेल्या रविवारी उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजच्या शेडमध्ये एक काका गाडीपुढे उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "पोरी, गाडी वाकडी झाली की गं."



हे काका जयसिंगपूरचे, मोठे व्यापारी. गाडी त्यांच्या वडिलांची, म्हणजे आबांची... जुनी, परदेशी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. आबा गेल्यापासून गुळाच्या गोदामात पडून होती. माझ्याकडे आली तेव्हा सीटमधून मुंग्या निघत होत्या.

जुन्या स्पोर्ट्स कार पुन्हा उभ्या करायच्या, हा माझा नवा धंदा. त्यातली ही पहिली अख्खी गाडी. नीट झाली तर दुसरी येईल... बिघडली तर 'पोरीबाळींचं काम न्हवं ते' म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत.

आमच्या घरात डेंटिंगचं, म्हणजे गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचं काम आजोबांपासून. शाळेत नाव घालायच्या आधीच अब्बांनी मला पत्रा शिकवला. हातावर पातळ मलमल घ्यायची, डोळे मिटायचे आणि तळवा पत्र्यावरून हळू फिरवायचा. डोळ्याला न दिसलेला खड्डा कापडाखालच्या हाताला बरोबर लागतो.

तर काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढच्या चाकावरचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर उंच आहे. मला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मी घाबरट आहे, त्यामुळे सगळं पुन्हा पुन्हा तपासते. जुना रंग पत्र्यापर्यंत काढला... कुठे कापल्याची खूण नाही, जोड नाही. आतून हात घालून बघितलं, तर दोन्हीकडे सारखेच हातोडीचे जुने ठसे. चॅसी, म्हणजे खालचा सांगाडासुद्धा सरळ. म्हणजे अपघात वगैरे काही नाही. कुणीतरी ही गाडी हाताने ठोकून घडवली आणि ती जन्मालाच अशी आली. म्हणून मी ती तशीच ठेवली.

काकांना फोनवर सांगितलंही होतं. पण फोनवर 'थोडं वर आहे' ऐकणं वेगळं आणि रंगाआधीचा राखाडी प्रायमर मारलेली गाडी समोर बघणं वेगळं.

तोवर शेजारचे लेथवाले मामा आले, चहावाला आला. सल्ले सुरू झाले. डावं ठोकून बोटभर खाली घ्यायचं, वरून खड्डे बुजवायची पुट्टी ओढायची, घासायचं, रंग मारायचा... विषयच संपला. पोरीला अजून डावं-उजवं कळत न्हाय, असंही मामा चहावाल्याला म्हणाले. मला ऐकू येईल इतक्या हळू.

काकांना ते लगेच पटलं. आबांच्या गाडीला लोक हसलेलं त्यांना चालणार नव्हतं. पुट्टी लाव, नाहीतर गाडी पुण्याला नेतो, म्हणाले.

खरं सांगते, मी हो म्हणणारच होते. एका दुपारचं काम... रंगाखाली काय आहे ते कोण बघणार? पण उद्या दुसऱ्या कुणाला 'तुमची गाडी होती तशी करून दिली' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

"काका, आबांची गाडी आहे म्हणूनच तशी ठेवलीय," मी म्हणाले. "सरळ पाहिजे असेल तर आत्ता घेऊन जा. या शेडमध्ये तिला पुट्टी लागणार नाही."

आणि अर्धं उघडं असलेलं शटर मी पूर्ण वर ढकललं. त्याचा आवाज इतका मोठा झाला की मामांचा चहा सांडला.

काका तावातावाने गाडीत बसले. इंजिन अजून बसवलेलं नव्हतं, म्हणून मामा आणि चहावाला मागून ढकलायला लागले. मी बाजूला उभी राहिले. हात ओढणीत गुंडाळून घेतले.

गल्लीत एका बाजूला टेम्पो, दुसऱ्या बाजूला भिंत. गाडी शेडच्या तोंडाशी आली आणि काका म्हणाले, थांबा.

ते बॉनेटवरून पुढे बघत बसले. मामांनी विचारलं, अडकलं काय? काकांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"ते टोक दिसतंय बघ," डाव्या मडगार्डकडे बोट करून ते म्हणाले. "आबा तेवढं बघूनच बोळातनं गाडी काढायचे. मी मांडीवर असायचो... मलाबी दिसायचं."

मी वाकून त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं. खरंच, बॉनेटच्या उंचवट्यापलीकडे डाव्या मडगार्डची गोलाई तेवढी दिसत होती. बोटभर. ठोकून खाली घेतलं असतं तर ती बॉनेटआड गेली असती, आणि गाडीची डावी कड कुठवर आहे ते स्टीअरिंगमागून कळलं नसतं.

"लोकं हसतील," मामा मागून म्हणाले.

"हसूंदेत की," काका म्हणाले. "गाडी आत घ्या."

सॉरी वगैरे काही नाही हं. जाताना लाल रंग कोणता हवा ते सांगितलं, आणि तरीही एकदा वडिलांना दाखवून घे म्हणाले. मी म्हटलं, दाखवलंय, आणि काम माझं आहे. त्यांनी मान डोलावली.

ते गेल्यावर मी शेडमध्येच जमिनीवर बसले आणि रडले. मला वाटलं होतं की एकदा ठामपणे नाही म्हटलं की भीती संपेल... तसं काही झालं नाही. काकांना ते टोक दिसलं नसतं तर माझी पहिली गाडी त्या दिवशी खरंच गेली असती. आणि हे आधी माहीत असतं, तरीही मी शटर वरच ढकललं असतं.

सोमवारी सकाळी लाल रंगाचा पहिला हात दिला.