बाहेर आणा जी, उजेडात

वामनराव इंगोले कुणालाही भेटले की आधी त्याच्या शर्टाची बाही धरत. नमस्कार नंतर. बाही दोन बोटांत चोळत ते माणसाला खोलीबाहेर नेत, उन्हात कापड निरखत आणि मगच बोलत, "पिवळा जास्त पडला जी याच्यात." बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत ते डाइंग मास्तर, म्हणजे कापड रंगवणाऱ्या खात्याचे प्रमुख होते आणि मी कामगार अधिकारी. साताऱ्याहून येऊन रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी माझी बाही धरली. मी चिडलो, तर म्हणाले, "ट्यूबलाइटखाली सगळंच जुळते साहेब. बाहेर आणा जी, उजेडात."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. गिऱ्हाइकाचा नमुना आणि आपण रंगवलेलं कापड दिव्याखाली अगदी एक दिसतं; उन्हात नेलं की एक लालसर निघतं, दुसरं हिरवट. म्हणून ते खात्यात बसून कधी कापड पास करत नसत. माणसांनाही हाच नियम. माझ्या मुलीला पाहायला आलेला मुलगा आम्हाला फार आवडला होता. वामनराव म्हणाले, "चांगलाच आहे. पण तुम्ही त्याले हॉलमधल्या दिव्याखाली पाहिलं. एक दिवस दुपारी बोलवा."

निवृत्तीनंतर नागपूरच्या प्रताप नगरात आमची घरं समोरासमोर आली. तिथंच त्यांना न्यूझीलंडचं वेड लागलं. कुणीतरी फोनवर तिथल्या एका तळ्याचा फोटो पाठवला होता. बर्फाच्या रेट्याखाली दगड दळला जातो, त्याची पूड पाण्यात तरंगते आणि पाणी दुधी निळं दिसतं. "असा निळा माह्या भट्टीतून जिंदगीत निघाला नाही," ते म्हणाले. "फोटोतला खोटा असंन. जाऊन पाहा लागते."

मग दर संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर आम्ही चौघं बसू लागलो: ते, त्यांच्या पत्नी सिंधूवहिनी, मी आणि माझी पत्नी उषा. सगळ्या देशाचा क्रम त्यांनी रंगांवरून लावला. आधी वाफाळणारी, गंधकानं पिवळी-केशरी झालेली कुंडं. मग मेंढ्यांची हिरवी कुरणं, काळपट ओलं जंगल, बर्फ. तळं सगळ्यात शेवटी. "ते आधी पाहिलं तं बाकी सगळं फिक्कं पडंन." वहिनींनी बर्फ कधी पाहिला नव्हता. भर मे महिन्यात त्या कूलरपुढे बसून चौघांसाठी लोकरीचे स्वेटर विणत होत्या.

टूरवाला पुण्याचा होता. एकदा फोनवर त्यानं विचारलं, "काका, न्यूझीलंडचं काय झालं?"

"जाऊन राहिलो ना जी!" वामनराव म्हणाले. नागपुरी बोलीत याचा अर्थ 'जातोच आहे'.

"अरे वा! राहून पण आलात? कोणाबरोबर गेला होतात?"

वहिनी हसता हसता टाके विसरल्या. मीही हसलो. पण तारीख ठरवायची गोष्ट निघताच मी उठून घरी गेलो.

त्याआधी काही महिने मी एकटाच विमानानं मुंबईला गेलो होतो. दार बंद झालं आणि माझा श्वास अडकला. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. उतरेपर्यंत मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून होतो. परत आलो तो रेल्वेनं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. उषानं सगळ्या नातेवाइकांना सहलीचं सांगून ठेवलं होतं. आणि गिरणीत कामगारांना 'घाबरू नका' म्हणण्यातच माझी सगळी नोकरी सरली होती.

बुकिंगसाठी वामनराव, वहिनी आणि मी टूरवाल्याच्या नागपूरच्या ऑफिसात गेलो; उषा घरी होती. तिथल्या मुलीनं पासपोर्ट मागितले. माझा पासपोर्ट तिच्यापुढे ठेवला आणि मी उठून जिन्यात जाऊन बसलो. वामनराव मागोमाग आले.

"इथं काहून बसले जी?"

मी सगळं सांगितलं. मग म्हणालो, "तुम्ही दोघं जा."

"अन तुम्ही काहून नाही आले, ते उषाताईले काय सांगसान?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते आत जायला वळले तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "तुम्हीच नाही म्हणा. माझं नाव नको."

ते आत गेले. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "नाही जमत. मले विमानाचं भेव वाटते."

वहिनींचा चेहरा उतरला. "अन इतके दिवस काहून नाचून राहिले होते मंग? भेकड कुठले!"

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी बोललो, पण काय? "जाऊ द्या वहिनी, असतो एकेकाचा स्वभाव."

त्यांच्याशिवाय आम्हीही जाणार नव्हतो; सहल रद्द झाली. पुढे सगळ्या गल्लीनं त्यांची थट्टा केली. पतंग उडाला तरी लोक म्हणत, "वामनराव, डोळे मिटा!" ते हसत. मीही हसत असे. वहिनींनी स्वेटर उसवून टाकले. आमच्या घरी आले की वामनराव माझी बाही धरायचे, पण बाहेर उन्हात नेत नसत. त्यांच्या माझ्याशी वागण्यात तेवढंच बदललं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. शोकसभेत एकजण म्हणाला, "विमानाला घाबरणारा माणूस, वर कसा गेला असेल?" लोक हलकेच हसले. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. तिथंही मी गप्पच राहिलो.

वामनराव विमानाला घाबरत नव्हते. घाबरत होतो मी.

घरी येऊन उषाला हे सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला काय सांगता? समोर वहिनींना जाऊन सांगा."

गेलो तेव्हा वहिनी पुढच्या खोलीत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मी त्याहीले दवाखान्यातबी बोलली जी. म्हटलं, विमानाले भेता, आता सुईलेबी भेता काय? हासले फक्त."

आतून त्यांनी कापडाची एक निळी पट्टी आणली. फोटो पाहून वामनरावांनी घरच्या पातेल्यात रंगवलेली. "तळ्याच्या पाण्याले लावून पाहायची होती त्याहीले."

मी पट्टी हातात घेतली. म्हणालो, "मी जातो. रंग जुळतो का पाहून तुम्हाला सांगतो."

"तुमच्या सांगण्यावर आता माहा भरोसा नाही," वहिनी म्हणाल्या. "मीबी येऊन राहिली. रंग मीच पाहीन. तुम्ही भेत भेत चला, पण चला."

आम्हा तिघांचं बुकिंग झालं आहे. रात्री झोपेत माझा श्वास अजून अडकतो. वहिनी पुन्हा कूलरपुढे बसून विणतायत. परवा माप घ्यायला त्यांनी मला बोलावलं, अर्धा विणलेला स्वेटर अंगात घालायला लावला. मग एकदम बाही धरली आणि मला ओसरीवरून खाली, अंगणातल्या उन्हात नेलं. लोकरीकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.