कृष्णातचा दाखला

मलकापूरच्या आमच्या आळीत मॅट्रिक झालेला पहिला पोरगा म्हणजे कृष्णात. बाप साखर कारखान्यात पोती वाहणारा हमाल. पण पोरगं गणितात असं, की आमचे औंधकर सर फळ्यावरचं स्वतःचं उत्तर त्याच्याकडून तपासून घ्यायचे. त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये त्याला सांगलीला, विश्रामबागेतल्या कॉलेजात जायचं होतं. अर्ज मीच आणून दिला. भरायला बसलो, तर ट्रंकेत शाळा सोडल्याचा दाखलाच नाही.

दाखला गेला होता सातारला, सैन्यभरतीला, थोरल्या भावाच्या, गुंडाच्या खिशातून. गुंडा चौथीत शाळा सोडून तालमीत रमलेला. शिकलेल्याला लवकर घेतात, असं बापाला कुणीतरी सांगितलं होतं. पोलीस पाटील सख्खा चुलता. हाच कृष्णात, असं लिहून शिक्का मारायला त्याला कितीसा वेळ? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! गुंडा कृष्णातच्या नावानं भरती झालासुद्धा.

"आबा, मग मी कोण?" कृष्णातनं बापाला विचारलं.

"घरातच हाय न्हवं नाव? पुसलं जातंय व्हय? तू आता गुंडा. उद्यापासनं चल कारखान्यावर."

मी म्हणालो, दुसरा दाखला काढू. पण नाव दोन ठिकाणी लागलं आणि चौकशी झाली, तर गुंडा तुरुंगात जाणार. त्यांची आई राहीबाई धाकट्याच्या पाया पडली. आईच पायाशी आल्यावर पोरगं काय करणार? त्याचं शिक्षण तिथंच संपलं. "अल्लाबक्ष, तू बी बोलू नगंस गड्या," तो मला म्हणाला. त्या बापाचा मला अजून संताप येतो.

औंधकर सरांना एवढंच कळलं, की कृष्णात पलटणीत गेला. "इतकं डोकं आणि बंदूक धरायला?" ते हळहळले.

चार वर्षांनी गुंडाचं लग्न निघालं. पत्रिकेवर अर्थातच चि. कृष्णात. ती बघून सर हौसेनं आले. पंगतीत मी त्यांच्या शेजारी होतो आणि समोर गुंडाच्या पलटणीतले दोन जवान. आमटीची बादली घेऊन कृष्णात वाढत आला. सर अर्धवट उठले.

"अरे कृष्णात! नवरदेव तू, आणि वाढतोयस काय?"

जवानांनी माना वर केल्या. कृष्णातनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं.

"न्हाई सर, मी धाकटा. गुंडा."

सर त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. त्यांना सगळं कळलं असावं. मग ते हळूच खाली बसले.

"बरं गुंडा," ते म्हणाले, "वाढ."

मीही मान खाली घालून जेवत राहिलो.