दारातला कापूस

गाडीच्या दाराचा आतला पत्रा अर्धाच सोडवून मी फटीतून आत हात घातला. धरणगावला, सासऱ्यांच्या कापसाची सरकी काढायच्या जिनात, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत.

एकोणीसशे साठच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. गाडी सासऱ्यांची, इंग्रजी बनावटीची, काळी, दारांना आतून रंगवलेले पत्रे. कैक वर्षं ती शेडमध्ये कापसाच्या ढिगाला टेकून उभी होती. मेव्हण्याची वरात तिच्यातून काढायची असं ठरलं आणि मी, लग्नाला वर्षही न झालेला जावई, जेवता जेवता बोलून गेलो, "आतलं काम माझ्याकडे लागलं." मी धुळ्याला कचेरीत कारकून. मोटारीचं माझं शिक्षण म्हणजे समोरच्या गॅरेजात बसून प्यालेला चहा.

पत्रे उतरवायचे, खरवडायचे, पुन्हा रंगवायचे. काच खालीवर करायचा दांडा निघाला, खालचे स्क्रूही निघाले. वरचे गंजून बसलेले. तेव्हा मला अक्कल सुचली की पत्रा आतूनच बाहेर ढकलावा. तो वाकवून फटीत लाकडाची खुंटी अडकवली आणि दंडापर्यंत हात सारला. खुंटी सटकली. पत्रा खाडकन मिटला आणि त्याच्या धारेनं दंड धरला. ओढावा तर धार मांसात रुते.

आत बोटांना कापूस लागला. आमच्याकडे दार खडखडायला लागलं की त्यात कापूस कोंबतात, म्हणजे रस्त्यानं गाडी गप्प चालते. त्यामुळे कापसाचं मला काही वाटलं नाही. मग तो हलला.

उंदीर असेल, मी स्वतःला समजावलं. पण काहीतरी गार आणि जड माझ्या मनगटावरून सरकायला लागलं, सरकतच राहिलं, संपेचना. एवढा लांब उंदीर मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात सासरे आले.

"कसं चालनं शे, जवाईबापू?"

"उत्तम," मी म्हणालो.

ओरडायचं सोडून मी उत्तम म्हणालो! सासरे सरकीच्या पोत्यावर बसले आणि तंबाखू मळत नव्या व्याह्यांच्या गोष्टी सांगू लागले. "मोठा लोके शेतस ते. गाडीवर ओरखडा दिसना ते जलमभर नावं ठेवतीन." मी मान हलवत होतो, तेवढीच हलवायची हिंमत होती. आत ते थांबलं होतं. माझ्या मनगटाची ऊब त्याला आवडली असावी. त्यानं एक वेढा घेतला, सावकाश, जागा करून बसावं तसा. शेडमागच्या घरात बायको शेवया करत होती, तिचं हसणं ऐकू येत होतं, आणि तिला हाक मारायला माझ्या तोंडात थुंकी उरली नव्हती.

"इतला घाम काबर ऊना तुम्हले?"

"आबा," मी म्हणालो, "दारात काहीतरी आहे."

"काय शे?"

"लांब आहे."

सासऱ्यांच्या हातातली तंबाखू सांडली. "उगामुगा ऱ्हा," ते पुटपुटले. "बोट बी हालावू नका." त्यांचा आवाज चिरकला, आणि त्या आवाजानं मला सापापेक्षा जास्त भिववलं. कोपऱ्यातली पहार घेऊन ते आले. तिचं टोक त्यांनी माझ्या दंडाला लागून फटीत घातलं.

"आबा, पत्रा फाटेल!" हेही मीच म्हणालो.

त्यांनी पहारेवर अंगाचा भार टाकला. मी डोळे मिटले. पत्रा कर्रकन फाटला, स्क्रू उडाले, आणि मळक्या कापसाच्या गोळ्यासकट मनगटाएवढी जाड धामण माझ्या चपलेवर पडली. पावलावरून सरसरत ती ढिगात शिरली. विषारी नव्हती, पण हे माझ्या पायांना कुणी सांगितलं नव्हतं. मी खालीच बसलो.

सासऱ्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे फिरवला, एकेक बोट उलटंपालटं करून दाताची खूण शोधली. दंडाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, लोंबणाऱ्या पत्र्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे.

"तुम्हले पोर दिनी तव्हय तुम्हना पगार इचारा व्हता," ते म्हणाले. "अक्कल इचारानी ऱ्हाई गयी."