कप्प्यांची बेरीज

आमची सून मेधा घरी बसून एका बँकेच्या भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर नजर ठेवते. काल तिच्या पडद्यावरचे रंगीत पट्टे बघून मी विचारलं, "हे काय गं?"

"आई, यंत्र एकच, पण आत कप्पे पाडलेत. प्रत्येक कप्प्याला वाटतं, आपण एकटेच. एकेक पाहिला तर कुणीच फारसं काम मागत नाही. बेरीज केली की कळतं, प्रोसेसरला उसंतच नाही. नवीन माणसं एकच कप्पा बघतात आणि म्हणतात, सगळं ठीक आहे!"

ती हसली. मला मात्र हसू येईना. मुलाचा डबा, नातीचा अभ्यास, माझ्या गोळ्या. आमच्या घरात जो तो तिला म्हणतो, एवढंसंच तर काम आहे. बेरीज कुणी केली? खरं सांगते, मीही नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं कधी आलं, तेही मला आठवेना.

मी खरं तर गेले होते डॉक्टरकडे ने म्हणून सांगायला. न बोलताच वळले, तर तिनंच विचारलं, "काही हवं होतं का, आई?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"जाऊ की उद्या," ती म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, की तेव्हापासून मला त्या होकाराचीच काळजी लागून राहिली आहे.