खडूकाका आणि ओतलेला नंबर

आमच्या काकांच्या शर्टाचा खिसा खडूनं कायम पांढरा असायचा. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझं जुन्या इंजिनांचं दुकान आहे, काका तिथे कामाला होते. तिथे नवखं गिऱ्हाईक आलं की त्या खिशाकडे पाहून काकांना गुरुजी म्हणून नमस्कार करायचं. काका चौथीतून शाळा सोडलेले. त्यांना त्या नमस्काराचा फार आनंद व्हायचा आणि गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

खडू कशाला, ते सांगतो. इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या लोखंडी धडावर, दोन तऱ्हेचे नंबर असतात. एक मागाहून ठोकलेला, दुसरा लोखंडाबरोबरच साच्यात ओतलेला, उठावाचा. काका डिझेलच्या चिंधीनं काजळी पुसायचे, खडू आडवा धरून हलक्या हातानं फिरवायचे आणि उठावाची अक्षरं पांढरी होऊन वर यायची. त्यावरून इंजिन कोणत्या गाडीचं, ब्लॉक कधीचा, सगळं सांगायचे. "ठोकेल नंबर माणसानं देल्ला, भाऊ, घासला का बदलते," ते म्हणायचे. "ओतेल नंबर जलमाचा. तो खोटं नाही बोलत."

वणीकडचा एक गडी एकदा जेमतेम दोन वर्षं चाललेलं म्हणून इंजिन घेऊन ऐटीत आला. काकांनी खडू फिरवला आणि लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं. बारा, म्हणाला. मग हे इंजिन तुमच्या वरातीतही जुनंच होतं, असं काकांनी शांतपणे सांगितलं. गडी तणतणत गेला, पण पुढे दर दसऱ्याला काकांना सोनं द्यायला न चुकता यायचा.

मोठ्या गॅरेजांनी बोलावूनही काका माझ्याकडेच का राहिले, हे मला उशिरा कळलं. त्यांचा मुलगा प्रवीण यवतमाळ-मारेगाव काळीपिवळी जीप चालवायचा. तेलंगणाकडचं भाडं घेऊन गेला, तो परतलाच नाही. जीपही सापडली नाही. पोलिसांकडे फेऱ्या मारून चपला झिजल्या. काकू मात्र एकच गोष्ट धरून होत्या: गाडी कुठे भंगारात कापली गेलेली नाही, म्हणजे मुलगा ती कुठेतरी चालवतो आहे. आणि कापलेल्या गाड्यांची इंजिनं माझ्याच दुकानात यायची. म्हणून काका इथे होते. ओतलेला नंबर एका जातीच्या पुष्कळ इंजिनांवर सारखाच असतो. पण प्रवीणच्या ब्लॉकला नंबराखाली तडा गेला होता आणि तो काकांनी स्वतः पितळेनं सांधला होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

एका दुपारी भंगाराच्या ट्रकमधून तसलंच एक इंजिन उतरलं. काकू डबा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. काकांनी चिंधी फिरवली, खडू फिरवला. नंबराखाली त्यांचा अंगठा बराच वेळ टेकलेला होता.

"अवो, आपलं हाय काय?" काकूंनी विचारलं.

"नाही व," काका म्हणाले. "दुसऱ्याचं हाय."

मग हात धुऊन ते जेवायला बसले. काकू समोर होत्या म्हणून चारही पोळ्या त्यांनी संपवल्या.

काकू गेल्यावर मी इंजिनापाशी गेलो. नंबराखाली ताजं ग्रीस फासलेलं होतं. पुसलं, तर बोटभर लांब पिवळी रेघ निघाली. मागे काका उभे होते. "तिले सांगू नको, भाऊ," ते म्हणाले. "तिच्यापाशी तेवढंच हाय." एवढं बोलून ते तिथेच खाली बसले. त्यांना रडताना मी पाहिलं ते तेव्हाच, आणि मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचंही सुचलं नाही. ते अजून टोचतं.

त्यानंतर काकांनी खडू हातात घेतला नाही. रोज यायचे, स्टुलावर बसून राहायचे. खिसा धुऊन धुऊन स्वच्छ झाला होता. मला त्याच्याकडे बघवत नसे. वर्षाच्या आतच ते गेले.

ते इंजिन मी विकलेलं नाही. दुकानातच ताडपत्रीखाली आहे. काकू दर आठवड्याला येतात, काकांच्या स्टुलावर बसतात. ताडपत्री तिथून चार पावलांवर आहे. पाणी पितात आणि विचारतात, "आलं काय भाऊ, आपलं?"

मी नाही म्हणतो.

"मंग चालवून राह्यला असन कुठंतरी," असं म्हणून पदर सावरत त्या उठतात.