दशरथरावांचा साधेपणा, शालनताईंचं धुणं

हडपसरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर शालनताईंनी पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं एक वस्तू घेतली: वॉशिंग मशीन. नवऱ्यानं, म्हणजे दशरथरावांनी, ते वर्षाच्या आत देऊन टाकलं. न विचारता.

दशरथराव हल्ली दर रविवारी वानवडीला एका घरी क्वेकर लोकांच्या सभेला जात. ख्रिस्ती लोकांमधला हा लहानसा पंथ. पाद्री नाही, प्रवचन नाही. तासभर सगळे गप्प बसतात, आतून वाटलं तर एखादा उठून बोलतो. गरजेपुरतं ठेवावं, साधं राहावं, हे दशरथरावांना तिथं भलतंच पटलं. आधी सोफा गेला. गुडघेदुखी असलेल्या शालनताई सतरंजीवर बसू लागल्या. मग मशीन सोसायटीच्या वॉचमनला दिलं. त्याच्या पत्र्याच्या खोलीत नळच नव्हता. त्याची बायको मशीनमध्ये कांदे ठेवू लागली.

“अहो, नळ आहे का एवढं तरी बघायचं!”

“देताना एवढा विचार करू नये, शालन.”

“धुताना मी करते ना. रोज.”

पुढच्या रविवारी शालनताईही सभेला गेल्या. थोडा वेळ बसल्या आणि उठून उभ्या राहिल्या.

“मला आतून वाटतंय म्हणून बोलते. यांनी साधेपणा घेतला आणि धुणं मला दिलं. चादरी पिळून मनगटं गेली माझी. तुमच्यात असंच असतं का?”

कुणी उत्तर दिलं नाही. रीतच तशी. शालनताई आणखी चिडल्या. गप्प बसलेल्यांशी भांडायचं तरी कसं?

नंतर चहा देताना, जिच्या घरी सभा भरायची त्या शेफालीबाईंनी दशरथरावांना विचारलं, “मशीन घेतलं कुणी होतं?”

“हिनं.”

“मग तुम्ही काय दिलंत? आपल्या राहण्याचा भार दुसऱ्यावर पडू नये, त्याला आम्ही साधेपणा म्हणतो.”

दुसऱ्या दिवसापासून धुणं दशरथरावांनी घेतलं. कपडे ते न पिळताच वाळत घालतात. खालच्या मजल्यावरच्या तक्रारी येतात शालनताईंकडे. नवं मशीन आणू म्हटलं, की “मी धुतोय ना!”

एक मात्र झालं: आता ते विचारल्याशिवाय काही देत नाहीत. परवा म्हणाले, “माझी स्कूटर देऊ का कुणाला?”

“तुमची आहे. द्या.”

दिली. सध्या भर उन्हात बसची वाट बघत उभे असतात, आणि उशीर झाला की फोन करून बस का येत नाही ते शालनताईंना विचारतात.